आजीच्या सागवानी फर्निचरला रंग द्यावा का? नक्षी, स्टेन्सिल, चॉक पेंट – अनुभव सांगा

परसबाग · ३ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

राजापूरचं घर आवरताना आजीच्या खोलीतल्या तीन वस्तू टेंपोत घालून पुण्याला आणल्या. कातीव पायांचा पलंग (उशाकडच्या फळीवर मधोमध कमळ कोरलेलं आहे), दोन दारांचं कपाट आणि आरशाचं टेबल. पलंगाचं पॉलिश काळवंडलंय. टेबलावर गरम पेले ठेवल्याचे पांढरे गोल डाग आहेत. कपाटाला कुणीतरी केव्हातरी पिस्ता रंगाचा ऑइल पेंट दिलाय, तो कडांना पोपडे धरून सुटतोय.

आमची झोपायची खोली दहा बाय अकरा, खिडकी एकच. या तीन वस्तू मांडल्यापासून खोली अंधारी वाटते. मला कपाट आणि टेबल फिकट रंगात रंगवून वर काहीतरी नक्षी काढायची आहे. नवऱ्याचं म्हणणं, सागवान रंगवू नये. सासूबाई म्हणतात, रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू आवडीची असावी, खुशाल रंगव.

भिंती आणि कुंड्या रंगवल्या आहेत, फर्निचर कधीच नाही. सुरुवात कुठून करू?

सुतारपक्षी · ३ ऑक्टोबर

ताई, कृपया पलंगाला हात लावू नका. म्हणजे पॉलिश करा, रंग नको. जुन्या सागवानाची शीर आणि तो मधासारखा रंग आज विकत घ्यायचा म्हटलं तर मिळत नाही. रंग चढवायला दोन दिवस लागतात, पण कोरलेल्या कमळाच्या पाकळ्यांतून तो परत काढायला दोन आठवडे दाताच्या ब्रशने बसावं लागतं. मी बसलोय.

आधी एक चाचणी करा. कापसाचा बोळा पॉलिशवाल्या स्पिरिटमध्ये बुडवून कुठल्यातरी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, फ्रेंच पॉलिश. ते खरवडावं लागत नाही, स्पिरिटनेच मोकळं होतं आणि त्यावरच नवा हात बसतो. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखं कडक पॉलिश असेल, त्याला घासणं आलं.

टेबलावरचे पांढरे डाग पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलाव्याचे असतात. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला सुती फडका डागावरून हलकेच फिरवा. बरेचसे जातात.

शुभ्रकळी · ३ ऑक्टोबर

छान धागा. वाचतेय. फोटो टाक ना ग.

तळकोकण · ४ ऑक्टोबर

सुतारपक्षी यांच्या कळकळीबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. रंगवलेलं लाकूड ही काही बाहेरून आलेली हौस नाही. मी सावंतवाडीचा. आमच्या चितार आळीत पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, लाकडी फळं, सगळं रंगवूनच विकलं जात आलंय. राजवाड्यात लाखकामाने मढवलेलं फर्निचर आहे आणि गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार आजही तिथे बसून काम करताना दिसतात. मागच्या शतकात ही कला विझत चालली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली, नवी मुलं तयार केली, म्हणून ती टिकली.

त्या कामातली एक गोष्ट घरच्या रंगकामालाही लागू पडते. गंजिफाचं पान करताना चित्राच्या आधी कितीतरी काम असतं: कापडाला चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा थर, मग घोटून घोटून गुळगुळीत करणं. कुंचला हातात येतो तो त्यानंतर, आणि शेवटी लाखेचा हात. कपाटाचंही तसंच. वरची नक्षी दिसते, टिकवते ती खालची बैठक.

आणि ताई, नक्षीसाठी परदेशी गुलाब शोधू नका. दशावतारी गंजिफात १० रंग आणि प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे १२० गोल चित्रं. मासा, कासव, परशू, आणि भोवती वेलबुट्टीची किनार. कपाटाच्या दारावर एक वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत कोयऱ्या एवढंही पुरे.

परसबाग · ४ ऑक्टोबर

तळकोकण, हे वाचून अंगावर काटा आला. राजापूर ते सावंतवाडी काही फार लांब नाही, तरी मी हे कधी पाहिलेलं नाही. आता जाणारच.

चाचणी केली. पलंग आणि टेबल: बोळा तपकिरी झाला, म्हणजे चपडाच. कपाट: पिस्त्याखाली पांढरा, त्याखाली विटकरी. दाराची चौकट खरवडली तर सागवान दिसलं, पण दारातली फळी आणि दोन्ही बाजू वेगळ्याच लाकडाच्या आहेत. फिकट, मऊ, शीर नसल्यासारखं. एका बाजूला टाचणीएवढी भोकं आहेत.

सुतारपक्षी · ४ ऑक्टोबर

मग माझी हरकत निम्मी संपली. चौकट सागवानी आणि फळ्या जंगली लाकडाच्या, हे त्या काळी सर्रास व्हायचं. असं कपाट मुळातच रंगासाठी केलेलं असतं, दोन लाकडं एकसारखी दिसावीत म्हणून. ते जरूर रंगवा. पलंग पॉलिश. टेबलाचं तुम्ही ठरवा.

भोकांखाली पीठ पडतंय का बघा. पडत असेल तर किडा अजून आत आहे. लाकडाच्या किडीचं औषध इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडा, खालीवर प्लास्टिक गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि मग काळा कागद खाली पसरून पुन्हा पीठ दिसतं का तपासा. तोवर रंगाचा डबा उघडू नका.

रंगाचा_डबा · ५ ऑक्टोबर

कोल्हापुरात वडिलांचं रंगाचं दुकान होतं, तीस वर्षं मीही त्यात काढली. सविस्तर लिहितो, कारण इथल्या एका गोष्टीबद्दल कुणीच बोललेलं नाही आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे.

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, केशरी छटांत, शिसं भरपूर असू शकायचं. तुमचा पिस्ता कधीचा आहे कुणाला माहीत. घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर त्या खोलीत हे काम अजिबात नको. गच्चीत किंवा गॅलरीत न्या. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलंच घासा, म्हणजे धूळ उडत नाही. चिखलासारखा जो लगदा निघेल तो जुन्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा, मोरीत सोडू नका. नाकाला कापड नव्हे, धुळीचा चांगला मास्क. आचेने रंग काढायची मशीन येते, तीही इथे नको, शिशाची वाफ होते.

सगळा रंग काढायची गरज नाही. जो सुटतोय तो काढा, जो घट्ट बसलाय त्याची फक्त चकाकी मारा. १२० नंबरने सुरुवात, २२० ने शेवट. कडेला पायरी पडते तिथे लांबी (खाचा बुजवायचं मिश्रण) भरा. आम्ही खडूची पावडर आणि बेलतेल (जवसाचं तेल) मळून लांबी करायचो, आता तयार डबा मिळतो. बेलतेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्याकडे डोक्याला तेल लावून झोपतात. उशाकडची फळी, कपाटाच्या मुठीभोवतीची जागा, आरशाच्या टेबलाची कड, इथे पिढ्यांचं खोबरेल मुरलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण रंग नेमका तिथेच सुटतो. रंगवायची वस्तू असेल तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा, मग दिवसभर वाळू द्या. पॉलिश करायची असेल तर सोडा नको, सागवान काळपट होतं. तिथे टर्पेंटाइनचा फडका.

तिसरी गोष्ट, सागवानावर पांढरा रंग दिला की चार दिवसांनी पिवळे-तपकिरी डाग वर येतात. लाकडातलाच अर्क पाण्याच्या रंगात विरघळून वर येतो. तुम्ही पाच हात दिलेत तरी येतो. त्याला अडवायला चपडाच. अर्धा लिटर स्पिरिटला १०० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात नको कारण द्रावण काळवंडतं. रात्रभरात विरघळतो. मग दोन दिवस न हलवता ठेवा. चपड्यातलं मेण तळाला बसतं, वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. मेण राहिलं तर पुढचा रंग नीट धरत नाही. गाठी असतील तिथे आणि सगळ्या सागवानी चौकटीवर दोन हात. गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको. पावसाळी हवेत हा हात दुधाळ होतो, म्हणून ऑक्टोबरचं ऊन चांगलं, तुमची वेळ बरोबर आहे.

त्यानंतर पाण्यात मिसळणारा वुड प्रायमर एक हात, ३२० ने हलकं घासणं, मग रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात कधीच नको.

शुभ्रकळी · ५ ऑक्टोबर

काका, किती मनापासून लिहिलंत! माझा प्रश्न जरा वेगळा: सनमायका लावलेला प्लायवूडचा बेड आणि लोखंडी कपाट. दोन्ही रंगवता येतात?

रंगाचा_डबा · ५ ऑक्टोबर

येतात. सनमायकावर २२० ने चकाकी पूर्ण मारायची आणि चिकटणारा, म्हणजे काच-टाइल्सवर चालतो असा प्रायमर घ्यायचा. साधा वुड प्रायमर नखाने सोलून निघेल. सनमायकाची कड उचलली असेल तर आधी ती चिकटवून घे. लोखंडी कपाटाला गंज असेल तिथे तारेचा ब्रश, त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), मग रंग. रात्रभर उघडं लोखंड ठेवलंस तर सकाळी पुन्हा गंजाची साय.

दूरदेशी · ६ ऑक्टोबर

न्यू जर्सीत आठ वर्षांत जुन्या बाजारातून आणलेली सात-आठ कपाटं चॉक पेंटने केली आहेत, म्हणून थोडं लिहिते. हा रंग इंग्लंडमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये काढला. मऊ, खडूसारखा, चकाकी नसलेला. घासण्याची मेहनत बरीच वाचते. घरी करायचा तर एक वाटी पाण्याचा मॅट रंग, पाव ते एक तृतीयांश वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस, तेवढंच पाणी. प्लास्टर आधी पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग रंगात घालायचं. लागेल तेवढंच करा, काही तासांत घट्ट होतं. खडूची पावडर वापरलीत तर ते घट्ट होत नाही, पण पकड थोडी कमी वाटली मला.

जुनाट कडा हव्या असतील तर गडद रंगाचा पहिला हात, तो वाळल्यावर कडांवर, मुठीजवळ, जिथे हात लागून रंग खरंच झिजला असता तिथे मेणबत्ती घासायची. वर फिकट रंग. वाळल्यावर २२० ने घासलं की मेणावरचा रंग निघून खालचा दिसतो. नंतर मेण पूर्ण पुसून काढायचं. मी शेवटी मेणाचं पॉलिश लावते.

रंगाचा_डबा · ६ ऑक्टोबर

सगळं बरोबर, फक्त शेवटचं मेण आपल्या हवेत नको. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात ते मऊ पडतं, धूळ धरतं, मुठीजवळ काळं होतं. त्याऐवजी पाण्यात मिसळणारा मॅट पीयू, दोन-तीन पातळ हात. आणि फिकट रंगावर तेलाचा वॉर्निश नको, वर्षभरात पिवळा पडतो.

दूरदेशी · ६ ऑक्टोबर

पटलं. इथे हिवाळा कोरडा असतो, तो विचार मी केला नव्हता. आईकडे नाशिकला करीन तेव्हा पीयूच.

परसबाग · ७ ऑक्टोबर

दूरदेशी, तडे गेल्यासारखा दिसतो तो प्रकार केला आहेस का? मला टेबलाच्या खणांवर हवा आहे.

दूरदेशी · ७ ऑक्टोबर

हो, फेविकॉलने होतो. गडद हात पूर्ण वाळू दे. त्यावर फेविकॉल थोडं पाणी घालून ब्रशने लाव. वाळून गेलं तर तडे येत नाहीत, अगदी ओलं असेल तर सगळं वाहतं. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, त्या क्षणी वरचा पाण्याचा रंग. एकाच दिशेने, एकाच फटक्यात. पुन्हा त्याच जागी ब्रश फिरवलास की तडे बुजतात. फेविकॉल जाड तर तडे रुंद, पातळ तर बारीक. आधी पुठ्ठ्यावर तीनदा कर.

माझं मत विचारशील तर संपूर्ण टेबलावर नको. एका लहान भागावर तो सुंदर दिसतो, मोठ्या भागावर डोळ्यांना टोचतो.

मांडवीकाठ · ८ ऑक्टोबर

पणजीहून लिहितो. नक्षीबद्दल एक सुचवू? गोव्यात आणि कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर काव्ही चित्रं असतात. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीच्या काव रंगाचा थर, तो ओला असताना खरवडून काढलेली वेल, फुलं, हंस, भौमितिक जाळ्या. दोनच रंग, पांढरा आणि तो लालसर तपकिरी. काही ठिकाणी देवळांच्या जीर्णोद्धारात ही चित्रं तैलरंगाखाली गेली, त्याची फार हळहळ वाटते. कपाटाच्या रूपाने ती वेल कुणाच्या घरात नांदली तर मला आनंद होईल.

फिकट सायीसारखा रंग आणि वर काव रंगाची किनार. सागवानी पलंगाच्या शेजारी हा लाल रंग अगदी घरचा वाटेल, कारण लाकडातही तीच छटा आहे.

स्टेन्सिल ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर) कापा. जुनी एक्स-रे फिल्म अधिक चांगली, पण मिळणं कठीण झालंय. पेपर टेपने चिकटवा. चूक सगळ्यांची एकाच ठिकाणी होते: ब्रशवर रंग जास्त. ब्रश रंगात टेकवून कागदावर टिपून टिपून जवळजवळ कोरडा करा आणि मग उभा धरून ठोके द्या, ओढायचं नाही. मग कडेखाली रंग शिरत नाही.

सुतारपक्षी · ८ ऑक्टोबर

फार सुंदर कल्पना. पूर्ण अनुमोदन.

परसबाग · १६ नोव्हेंबर

मंडळी, काम झालं. दिवाळी मध्ये आली म्हणून वेळ लागला. जे झालं ते क्रमाने सांगते, पुढच्यांना उपयोग होईल.

भोकांतून पीठ पडत होतं. औषध दोनदा सोडावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात काळा कागद स्वच्छ राहिला तेव्हा घासायला घेतलं. गच्चीत, ओलं, मास्क लावून. त्यालाच चार दिवस गेले आणि दंड भरून आले, पण पिस्ता रंगाखाली चौकटीच्या कोपऱ्यात सुताराने केलेले लाकडी खुंट्यांचे सांधे दिसले. एकही खिळा नाही. नवरा ते बघायला तीनदा वर आला.

पलंगाला चपडा. सुतारपक्षींच्या सांगण्याप्रमाणे सुती कापडाची बोंडी करून, जुन्यावरच. कमळाला हात लावला तो फक्त टर्पेंटाइनच्या फडक्याने आणि पातळ चपड्याने. आजीच्या वेळी ते असंच दिसत असेल.

कपाट सायीच्या रंगात. किनार दोन इंच रुंद, काव रंगात, मांडवीकाठ यांनी सांगितली तशी वेल. दारांच्या मधोमध एकेक वर्तुळ: डावीकडे मासा, उजवीकडे कासव. वर्तुळातलं चित्र स्टेन्सिलने नाही, हाताने काढलं. आधी सावंतवाडीला जाऊन आले. तिथल्या एका कलाकाराचा हात अर्धा तास बघत बसले होते, एका केसाएवढी रेघ, श्वास धरून. माझी रेघ तशी नाही, पण जाऊन पाहिलं नसतं तर हिंमतच झाली नसती.

दोन गोष्टी बिघडल्या. एका दाराच्या चौकटीवर मी चपड्याचा दुसरा हात दिला नव्हता, तिथे बरोबर चौथ्या दिवशी बशीएवढा पिवळा डाग उठला. तेवढीच जागा घासून दोन हात चपडा, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. आता नाही. दुसरं, टेबलाचे खण. तडे छान आले, पण मी उत्साहात खणांच्या बाजूही रंगवल्या आणि खण अडकले. एक तर ओढताना मूठ हातात आली.

सुतारपक्षी · १६ नोव्हेंबर

अभिनंदन! फोटोतली वेल पाहून मीच माझ्या एका जुन्या कपाटाकडे वेगळ्या नजरेने पाहतोय.

खणांच्या बाजू आणि खालची पट्टी कोरी हवी. रंगाचे तीन हात म्हणजे फटीतली जागा संपली, आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की खण उघडणारच नाही. बाजूंचा रंग पूर्ण घासून काढा आणि कोऱ्या लाकडावर मेणबत्ती चोळा. इथे मेण उपयोगी.

तळकोकण · १७ नोव्हेंबर

मासा फार गोड आलाय. कासवाच्या पाठीवरचे ठिपके मोजून काढलेत की मनाने? पुढच्या वेळी आलात की कळवा, आळीतल्या जुन्या कामाची दोन-तीन घरं दाखवतो.

परसबाग · १७ नोव्हेंबर

मनाने, दादा. नक्की कळवते. खण कालच घासले, मेणबत्ती चोळली, आता एका बोटाने सरकतात.

शुभ्रकळी · १९ नोव्हेंबर

कपाटात साड्या कधी ठेवल्यास? मी लोखंडी कपाट रंगवलंय, तीन दिवस झाले, अजून वास येतोय. लग्नाचा शालू आहे म्हणून भीती वाटते.

परसबाग · १९ नोव्हेंबर

मी आतून रंग दिलाच नाही, फक्त चपड्याचा एक हात. तरी बारा दिवस दारं सताड उघडी ठेवली होती. तुझा ऑइल पेंट आहे, वरून सुकल्यासारखा वाटतो पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर शालू सुती पंच्यात गुंडाळून दुसरीकडेच ठेव. आणि फळ्यांवर वर्तमानपत्र घालू नकोस, ते ओल्या रंगाला चिकटतं. जुनी सुती साडी दुमडून घाल.